ऑटिझम असलेल्या मुलाला एकट्याने आंघोळ शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं तरी आंघोळ आई किंवा बाबाच घालतात, हे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी इतकं नेहमीचं झालंय की त्यावर कोणी फारसं बोलतही नाही. शिकवायचा प्रयत्न झालेला असतो, दोन-चारदा झालेला असतो, आणि मग सोडून दिलेला असतो. का सोडला विचारलं की उत्तर ठरलेलं, "रोज सांगतो हो, पण तो नुसता उभा राहतो."

मला दिसतं ते असं की मूल कमी पडत नाही, शिकवायची पद्धत उलटी असते. शिकवणं सगळं तोंडाने चालतं, सुरुवात पहिल्या पायरीपासून होते, आणि वेळ निवडलेली असते सकाळी सातची, खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत असताना. या तीन गोष्टी बदलल्या तर बरीच मुलं, न बोलणारीसुद्धा, हळूहळू स्वतःची आंघोळ स्वतः करायला लागतात. म्हणून शिकायचे दिवस आहेत तोवर आंघोळ संध्याकाळी ठेवा, नाहीतर निदान सुट्टीच्या काळात सुरू करा. सकाळी घाई असेल तेव्हा तुम्हीच घाला, पण तो दिवस शिकवण्यात धरू नका.

खालचे टप्पे साधारण सहा-सात वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी आहेत आणि बादली-मगच्या आंघोळीसाठी आहेत. घरात शॉवर असला तरी शिकवायला बादलीच घ्या असं मी मुद्दाम सांगते. शॉवर चालूच राहतो, तो कधी संपणार ते मुलाला कळत नाही. बादलीतलं पाणी डोळ्यांसमोर कमी होतं, आणि बादली रिकामी झाली की आंघोळ संपली. ज्याला बोललेलं कमी समजतं त्याला याच्याइतकी स्पष्ट खूण दुसरी नाही.

टप्पा १: आधी आठवडाभर नुसतं बघा

पहिले सात-आठ दिवस काहीच शिकवायचं नाही. रोज घालता तशीच आंघोळ घाला, फक्त मधेमधे हात थांबवा आणि तो स्वतःहून काय करतो ते बघा. मग उचलतो का, साबण हातात घेतला तर पुढे काय करतो, कुठे अडतो, कुठे चिडतो, हे सगळं लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात दोन शब्द लिहिले तरी पुरे.

चिडण्याकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण ज्याला आपण हट्ट म्हणतो तो बऱ्याचदा त्रास असतो. एखाद्याला डोक्यावरून अचानक आलेलं पाणी सहन होत नाही, एखाद्याला एक्झॉस्ट फॅनचा आवाज बंद बाथरूममधे कानात घुसतो, कोणाला साबणाचा वास नको असतो तर कोणाला खरखरीत टॉवेल. हे त्रास आधी काढायचे, शिकवणं नंतर. फॅन आंघोळीपुरता बंद ठेवा, साबण बिनवासाचा आणा, टॉवेलऐवजी मऊ सुती पंचा वापरून बघा. डोकं धुणं तर आंघोळीतून पूर्ण वेगळं काढा, त्याचे आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि बाकीचे दिवस मानेखालची आंघोळ. डोक्यावर पाणी घेताना डोळ्यांवर कोरडा नॅपकिन घडी करून त्यालाच धरायला द्या. आणि शक्य तिथे मग त्याच्याच हातात द्या, कारण स्वतः ओतलेलं पाणी कधी येणार ते त्याला माहीत असतं, दुसऱ्याने ओतलेलं अंगावर येऊन आदळतं.

तपासा: सलग तीन-चार दिवस तो न रडता बाथरूममधे जातोय आणि आंघोळ संपेपर्यंत थांबतोय का? नसेल तर पुढच्या टप्प्याची घाई नको, तिथेच थांबा.

टप्पा २: बाथरूम त्याच्यासाठी तयार करा

पाणी शिकवण्याच्या काळात मोठ्यांनीच काढायचं. आधी गार पाणी, मग त्यात गरम, हा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. गिझरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असेल तर कातडी भाजायला काही सेकंद पुरतात, आणि ऑटिझम असलेली काही मुलं दुखलं-भाजलं तरी लगेच ओरडत नाहीत, त्यामुळे "गरम लागलं तर सांगेल की" यावर अजिबात विसंबू नका. गिझरला तापमान कमी-जास्त करायची सोय असेल तर ते खाली आणून ठेवा. गरम पाण्याच्या नळाला लाल चिकटपट्टी लावा आणि त्या नळाला मोठेच हात लावतात हा नियम करा.

सावधान: पाण्यात सोडायचा हीटर-रॉड वापरत असाल तर स्विच बंद, प्लग काढलेला आणि रॉड बाथरूमच्या बाहेर, एवढं झाल्याशिवाय मूल आत नाही. गॅस गिझर बंद बाथरूममधे बसवलेला असेल तर तिथे मुलाला एकट्याने आंघोळ करायला शिकवूच नका, आधी तो बाहेर हलवून घ्या. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो.

सावधान: ऑटिझमबरोबर फिट्स येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. तुमच्या मुलाला कधीही फिट आली असेल तर आंघोळ बसूनच, टब नाही, आणि कोणीतरी मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर. अशा मुलानेही सगळ्या पायऱ्या स्वतः करायला हरकत नाही, पण त्याला आत एकटं सोडायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

दाराची आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी बसवा. जमिनीवर न घसरणारी मॅट टाका. बसायला प्लॅस्टिकचं स्टूल किंवा पाट, कारण उभं राहून तोल सांभाळायचा, मग भरायचा आणि साबणही लावायचा ही तीन कामं एका वेळी जड जातात. मग लहान घ्या, त्याच्या हाताला पेलेल असा, मोठा मग भरला की मनगट वळतं आणि अर्धं पाणी बाहेर जातं. साबणाची वडी सारखी निसटत असेल तर ती जुन्या सुती मोज्यात घालून तोंडाला गाठ मारा, किंवा टॉवेलच्या कापडाचा हातमोजा शिवून घ्या आणि त्याला साबण लावायला शिकवा. मी हातमोजाच सुचवते, कारण हात जिथे जाईल तिथे साबण लागतो, पकड सांभाळायची कटकट नाही.

आणि बाकीच्या सगळ्या बाटल्या उचला. कंडिशनर, फेसवॉश, बाबांचं शेव्हिंग क्रीम, फरशी धुवायचं लिक्विड, काहीही नको. त्याच्या समोर एक बादली, एक मग, एक साबण आणि एक हातमोजा, बास.

टप्पा ३: आंघोळीचे तुकडे पाडा

थेरपिस्ट याला टास्क ॲनालिसिस म्हणतात. करायचं इतकंच की एक दिवस स्वतः आंघोळ करताना आपण काय काय करतो ते बारकाईने बघायचं आणि लिहायचं. "साबण लाव" ही आपल्याला एक पायरी वाटते, त्याच्यासाठी ती सहा पायऱ्यांची असते. नमुना देते, तुमच्या घराप्रमाणे बदला:

१. कपडे काढून टोपलीत टाकणं
२. स्टुलावर बसणं
३. दोन्ही खांद्यांवर एकेक मग पाणी
४. पायांवर दोन मग पाणी
५. हातमोजा घालून त्याला साबण लावणं
६. मान आणि कानांच्या मागे
७. दोन्ही हात, दोन्ही काखा
८. छाती आणि पोट
९. पाठ, हात पोचेल तेवढी
१०. जांघा आणि शू-शीची जागा
११. पाय, तळपाय, बोटांच्या मधे
१२. हातमोजा धुऊन खुंटीला
१३. बादली रिकामी होईपर्यंत अंगावर पाणी
१४. वरून खाली अंग पुसणं
१५. आत आणून ठेवलेले कपडे घालणं
१६. टॉवेल दोरीवर टाकणं

हा क्रम कागदावर लिहून घरात सगळ्यांना दाखवा. आई आधी हात धुवायला लावते, बाबा आधी पाय, आणि आजी म्हणतात आधी तोंड धू, असं असेल तर मुलाच्या दृष्टीने या तीन वेगळ्या आंघोळी आहेत आणि तो कुठलीच शिकणार नाही. पहिल्या महिन्यात शिकवणारं माणूस एकच असावं, फार तर दोन.

मग याच क्रमाची चित्रपट्टी बनवा. त्याच्याच मगाचा, त्याच्याच हातमोज्याचा, त्याच्याच टॉवेलचा फोटो, खाली एक शब्द, लॅमिनेट करून टाइल्सवर चिकटवायची, आणि तो स्टुलावर बसला की डोळ्यांसमोर येईल इतक्या खाली. बहुतेक घरांत ती आपल्या उंचीला लावलेली असते आणि बसलेल्या मुलाला दिसतच नाही.

सावधान: चित्रपट्टीसाठी मुलाचे उघडे फोटो काढू नका, फक्त घरातच राहतील असं वाटलं तरी नाही. वस्तूंचे फोटो घ्या. शरीराचा भाग दाखवायचा असेल तर साधी रेघांची आकृती काढा.

टप्पा ४: शेवटच्या पायरीपासून सुरू करा

पहिल्या दिवशी १ ते १५ सगळं तुम्हीच करा, नेहमीसारखं. फक्त सोळावी पायरी, टॉवेल दोरीवर टाकणं, त्याने करायची. टाकला की लगेच, तिथल्या तिथे, त्याला जे मनापासून आवडतं ते द्या, मग ते आवडतं गाणं असेल, झोका असेल, पाच मिनिटं गाड्यांचा व्हिडिओ असेल. ते जमायला लागलं की कपडे घालणं आणि टॉवेल टाकणं अशा दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. असं मागून पुढे यायचं. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात.

पालकांना हे विचित्र वाटतं, पण कारण समजून घ्या. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल दोन पायऱ्या करतं, तिसरीला अडतं, आपण वैतागून बाकीची आंघोळ उरकतो, म्हणजे रोज त्याचा शेवट न जमण्यावर होतो. शेवटाकडून आलं की रोज काम पूर्ण तोच करतो आणि पूर्ण झाल्याबरोबर आवडती गोष्ट मिळते, आणि जी नवीन पायरी शिकायचीय तिच्या पुढचं सगळं त्याला आधीच येत असतं.

पुढची पायरी कधी जोडायची? सलग तीन दिवस मदतीशिवाय आधीची जमली की. दोन दिवस जमली आणि तिसऱ्या दिवशी मदत लागली तर मोजणी पुन्हा एकपासून. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की मधली एखादी पायरी कच्ची राहते आणि मग सगळी आंघोळ तिथे अडकते. एखादी पायरी त्याला आधीपासूनच येत असेल तर ती अर्थातच त्यालाच करू द्या, आपण हातातून काढून घ्यायची नाही.

टप्पा ५: मागे उभं राहा, हाताने मदत करा, तोंड बंद

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. एका घरी मी पाहिलं, मुलगा स्टुलावर बसलेला, साबण लावलेला हातमोजा हातात तयार, पण नजर हातमोज्यावर नाही, आईच्या तोंडावर. आई म्हणाली "पोट", त्याने पोटाला लावलं आणि पुन्हा वर बघितलं. "हात." हाताला लावलं, पुन्हा वर. त्या मुलाला सगळं येत होतं. फक्त प्रत्येक पायरीआधी आईचा आवाज ही त्याच्यासाठी एक पायरीच होऊन बसली होती, आणि आई बाहेर गेली की तो थांबायचा. तोंडी सूचना द्यायला सगळ्यात सोपी आणि काढून घ्यायला सगळ्यात अवघड, म्हणून ती सुरूच करायची नाही.

सुरुवातीला एकदाच म्हणा, "आंघोळ". त्यानंतर शांत. त्याच्या मागे उभे राहा किंवा मागे स्टूल घेऊन बसा, म्हणजे त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही, स्वतःचे हात आणि समोरची पट्टी दिसेल. तो अडला तर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. खरंच दहा, कारण या मुलांपैकी बऱ्याच जणांना ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात शिरून हातापर्यंत यायला वेळ लागतो आणि आपण दुसऱ्याच सेकंदाला मधे पडतो. तरी हलला नाही तर मागून मदत करा, ती अशी उतरत न्यायची: आधी त्याच्या हातावर आपला हात, मग नुसतं मनगट धरायचं, मग कोपराला हलका स्पर्श, मग खांद्याला, मग पट्टीकडे बोट, मग काहीच नाही. प्रत्येक पातळीवर दोन-चार दिवस, जमतंय असं दिसलं की एक पातळी खाली.

चूक झाली, समजा पायांना साबण न लावताच मग उचलला, तर "नाही, नाही, असं नाही" म्हणू नका. गुपचूप मग खाली ठेवा, हात पायाकडे न्या, पुढे चला. पुन्हा पहिल्यापासून करायला लावू नका.

सावधान: हात धरलेला आवडत नसेल, तो हात ओढून घेत असेल तर जबरदस्ती नाही. शेजारी बसा, स्वतः कपड्यांवरच कोरडा हातमोजा फिरवून दाखवा आणि थांबा. नको म्हणायचा हक्क आपण त्याच्याकडून काढून घेतला तर उद्या दुसऱ्या कोणी हात लावल्यावर तो नको म्हणणार नाही, हे लक्षात ठेवा.

दाराबाहेरून "झालं का रे, नीट लाव साबण" असा आवाज येत असेल तर तीही सूचनाच. आजी-आजोबांना आधीच प्रेमाने समजावून ठेवा, तुम्ही ठरवलेल्या वेळात ते देवपूजेला किंवा फेरी मारायला गेले तर सगळ्यांचंच सोपं होतं.

टप्पा ६: साबण आणि पाणी, जिथे गाडी अडते

टॉवेल, कपडे, पुसणं हे त्या मानाने लवकर होतं. ६ ते १३ या पायऱ्यांना महिने लागू शकतात, त्याची तयारी ठेवा.

बऱ्याच मुलांचं असं होतं की साबण पोटावर गोल गोल फिरत राहतो आणि बाकी अंग कोरडं. त्यासाठी प्रत्येक भागाला ठरावीक मोजणी द्या, डावा हात पाच, उजवा हात पाच, काख तीन. आकडे येत असतील तर तो स्वतः म्हणेल, नसेल तर पट्टीवर तेवढे ठिपके काढा. काखेसाठी आधी "हात वर" ही कृती बाथरूमच्या बाहेर, कपडे घालून, खेळात बसवा, कारण निसरड्या जागी एकदम नवीन हालचाल नको. पाठ पूर्ण पोचत नाही, ठीक आहे, लांब दांड्याचा ब्रश नंतर देता येईल.

साबण धुऊन टाकणं साबण लावण्यापेक्षा अवघड आहे, कारण साबण राहिलाय हे त्याला दिसत नाही. त्याला हाताने तपासायला शिकवा: ओला हात दंडावरून खाली ओढायचा, बुळबुळीत लागलं तर अजून एक मग. आणि बादलीचा नियम आहेच, रिकामी होईपर्यंत ओतायचं, म्हणून तुम्ही बादली मापात भरा, साधारण अर्धी ते पाऊण. एकाच वेळी सगळं पाणी उलटं करत असेल तर मगावर आतून रंगीत पट्टी मारा आणि तिथपर्यंतच भरायला शिकवा.

शू-शीच्या जागेची स्वच्छता लाजून टाळू नका, पुढे वयात येताना तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. घरात जे शब्द वापराल ते एकच ठेवा. मुलींना पुढून मागे धुवायचं हे पहिल्यापासून. याच वेळी दोन नियम जोडा: आंघोळ आणि कपडे दार बंद करूनच, आणि आत मदतीला कोण येऊ शकतं त्या माणसांचे फोटो पट्टीशेजारी, दोन किंवा तीन, त्याबाहेर कोणी नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की जमेल तिथे मुलाला बाबांनी किंवा आजोबांनी आणि मुलीला आईने किंवा मावशी-आत्याने शिकवावं.

तपासा: पुसल्यावर कानामागे, काखेत आणि बोटांच्या मधे तुम्ही बोट फिरवा. रोज नको, आठवड्यातून दोनदा. साबण सापडला तर त्याला काही न बोलता तीच पायरी दुसऱ्या दिवशी परत मदतीने घ्या.

टप्पा ७: स्वतःला बाहेर काढा

मूल सगळं करतंय पण तुम्ही आतच उभे आहात, तर अजून काम बाकी आहे. आधी एक पाऊल मागे, मग दारात, मग दाराबाहेर दार अर्धं लोटून, मग दार लोटलेलं आणि तुम्ही बाहेर खुर्चीवर. प्रत्येक ठिकाणी परत तीन दिवस. बाहेर असताना हाक मारून विचारायचं नाही, कान देऊन ऐकायचं, मगाचा आवाज येतोय म्हणजे चाललंय. न बोलणाऱ्या मुलाला आत हाताशी एक घंटी द्या, पाणी गरम आहे किंवा साबण डोळ्यात गेला की वाजवायची, आणि ती वाजवायला वेगळं शिकवा.

मग जागा बदलून बघा. घरात येतं पण गावाला आजोळी गेलं की पुन्हा शून्य, ही तक्रार फार येते, आणि त्याचं कारण तिथली मोरी वेगळी, बादलीऐवजी घंगाळ, मगाऐवजी तांब्या, सगळंच एकदम बदललेलं. म्हणून घरी असतानाच एका वेळी एकच गोष्ट बदला, एक आठवडा दुसरा मग, पुढच्या आठवड्यात दुसरा टॉवेल, मग बाबांच्या जागी काका बाहेर बसलेले. प्रवासाला जाताना त्याचा मग, हातमोजा आणि चित्रपट्टी पिशवीत पहिली टाका. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं अंगाला लागणार असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडं उटणं हाताला लावून बघू द्या, आणि त्या दिवसाची पट्टी वेगळी करा.

ताप येऊन गेला, सुट्टी झाली, घर बदललं की दोन-चार पायऱ्या मागे जाणं होतंच. अशा वेळी सगळं पहिल्यापासून काढू नका, मदतीची एकच पातळी वर न्या, म्हणजे नुसतं बोट दाखवत असाल तर काही दिवस खांद्याला स्पर्श, आणि पुन्हा उतरवत या.

एकाच पायरीवर दोन-तीन आठवडे अडलं असेल तर पायरी मोठी आहे असं समजा आणि तिचे अजून दोन तुकडे करा. तरी हलत नसेल, किंवा हातात ताकद कमी वाटत असेल, तोल जात असेल, पाण्याचा त्रास कमीच होत नसेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवा. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती सेवा मोफत आहे. जाताना कॅलेंडरवरच्या नोंदी आणि पायऱ्यांचा कागद बरोबर न्या, आणि "आंघोळ करत नाही" असं न सांगता कितव्या पायरीला, कुठल्या मदतीवर अडलाय ते सांगा.